बेल्ट थांबवणारा भोयर

माझ्या साडभावाच्या घरात कमरेएवढ्या उंचीवर एक दोरी फिरते. पुढच्या दारापासून निघते, बैठकीतून, स्वयंपाकघरातून, न्हाणीच्या दाराजवळून जाते आणि मीटरच्या डब्याशी संपते. कुठेही धरून ओढली की खटका पडतो आणि सगळं घर बंद. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिज बंद, आणि बोलणारा माणूसही घाबरून बंद. नवखा पाहुणा सोफ्यावर बसतो, ऐसपैस पाठ टेकतो आणि अंधार करून मोकळा होतो. मग आतून भोयरचा आवाज येतो, ‘ओढली कोनं? घाबरू नका. ओढनाऱ्याले आपल्या घरात कोनी बोलत नाही!’

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नाव तुळशीराम भोयर. आम्ही दोघंही विदर्भातून पोटासाठी भिलाईत आलो, स्टील प्लांटात लागलो, आणि रिटायर झाल्यावर तिथल्याच रुआबांध्यात लागून-लागून गल्ल्यांत घरं बांधली. मी खलासी होतो. जड वस्तू उचलून जिथल्या तिथे बसवणं हे माझं काम. प्लांटात अशा मशिनी आहेत, ज्या माझ्या हातानं बसल्या आणि अजून हलल्या नाहीत. भोयर कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टवर होता. त्याचं काम म्हणजे चालत्या बेल्टच्या बाजूनं चालायचं. आता यात कसली आली कारागिरी? पण त्याला वाटतं की प्लांट त्याच्या चालण्यामुळे चालला.

त्या बेल्टच्या कडेनं एक दोरी बांधलेली असते. कुणाचा हात अडकला, कपडा ओढला गेला, की जवळ असेल त्यानं ती ओढायची. बेल्ट जागच्या जागी थांबतो. ओढणारा ठेकेदाराचा मजूर असला तरी चालतं, त्याला कुणी रागवायचं नाही. हा नियम. भोयरनं आयुष्यभर हाच एक नियम पाठ केला आणि बाकीचं शिक्षण वाया घालवलं.

एकदा त्यानं कुत्र्यासाठी बेल्ट थांबवला. साहेब धावत आला.

‘कोण अडकलं?’

‘कुत्रा, साहेब.’

‘कुत्र्यासाठी बेल्ट थांबवलास?’

‘रस्सीवर कुठं लिहून हाय साहेब, का मानसासाठीच ओढा म्हनून?’

साहेबानं दोरीकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि निघून गेला. कुत्रा मात्र पुढे भोयरच्या मागेमागे फिरायचा. दुसरं कुणी इतकी वर्षं फिरलेलं मी पाहिलं नाही.

घरी मिक्सर लावायच्या आधी तो मोठ्यानं ओरडतो, ‘बेल्टवर कोन हाय?’ उत्तर आलं नाही तरच बटण दाबतो. घरात तो एकटा असतो, त्यामुळे उत्तर कधी येत नाही आणि चटणी वेळेवर होते. माझी बायको वत्सला एकदा त्याच्याकडे गेली आणि चेष्टेनं म्हणाली, ‘मी हाय, भाऊजी.’ त्या दिवशी चटणी झालीच नाही. तो बाहेर येऊन विचारत बसला, ‘कुठं हाय? कुठं अडकल्या, ताई?’

त्याची बायको शांता गेली, मुलगी हैदराबादला संसारात पडली. उद्यानात त्याचा पत्त्यांचा अड्डा होता. त्यातला एक वर गेला, एक मुलाकडे पुण्याला गेला, एकाला ऐकू येईना. मला पत्त्यांचा तिटकारा. बसून हात चालवणं हे काम नव्हे. मग भोयरनं फोनवर रमी धरली. पैशांची रमी. सहा जणांचं टेबल, माणसं कुठली कुठली, पाळी आली की पान टाकायचं, आणि टेबलाच्या कोपऱ्यात चार शब्द लिहायची सोय.

मी म्हटलं, ‘लेका, म्हातारपनी जुगार?’

‘जुगार नोहे बे. डोक्याचा खेळ म्हनून कोर्टानं सोडला हाय.’

‘मंग तू कसा खेळतं? तुले डोकं कुठं हाय?’

यावर त्यानं मला चहा दिला नाही.

पण खेळायला बसला तरी माणूस बेल्टवालाच. पहिल्या दिवशी त्यानं पत्ते सोडून कंपनीची सुरक्षा तपासली. जाहिरातीत शेवटी एक बाई घाईघाईनं सांगायची, की या खेळाची सवय लागू शकते, पैसा जाऊ शकतो, जपून खेळा. एका श्वासात. भोयरनं कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. मी समोरच होतो.

‘बेटी, तुम्हारा खतरे का बोर्ड चींटी के अक्षर में क्यों है?’

‘सर, सूचना नियम के हिसाब से है.’

‘हमारे प्लांट में खतरे का बोर्ड अंधा भी पढ़ लेता था!’

मग कळलं की तिथे बऱ्याच सोयी आहेत. अठराच्या खालच्याला घेत नाहीत, कागद पाहतात. रोज किती लावायचं याची हद्द आपणच घालून घेता येते. आणि फारच झालं तर आपणच आपलं खातं काही महिने बंद करून घेता येतं. मग मध्येच कितीही हात जोडले तरी उघडत नाही. भोयर खूश झाला. आपली हद्द त्यानं इतकी खाली लावली, की त्यात अर्धा किलो वांगी आली नसती. म्हणाला, ‘आधी आपल्या डोक्यावर हेल्मेट, मंग दुसऱ्याले सांगाचं.’

दुसरा कोण, ते पुढे कळलं.

त्याच्या टेबलावर एक बाई यायची. नाव लावलं होतं ‘अहिवारा क्वीन’. अहिवारा इथून जवळच, चुनखडीच्या खाणींकडचं गाव. तिथे राणी कुठली? पण ही इंग्रजी अक्षरांत आपली मराठी लिहायची, मले-तुले करून. भोयरनं पाहिलं की ही बाई पत्ते पाहून खेळत नाही. हरली की लगेच दुसरा डाव, तो हरली की तिसरा. एकदा लिहिलं, ‘आज कुरड्या टाकल्या, हात दुखून राहिले, तरी बसली.’ एकदा लिहिलं, ‘पाटल्या गेल्या. पोराले मालूम नाही.’

त्या दिवसापासून भोयरचं जेवणात लक्ष नाही. पुन्हा कंपनीला फोन.

‘बेटी, मेरे टेबल पे एक बाई है. बहुत हार रही है. उसको रोको.’

‘सर, प्लेयर खुद अपना अकाउंट बंद कर सकते हैं.’

‘जिसका हाथ बेल्ट में फँसा है, वो खुद उठ के खटके तक जाएगा क्या?’

‘सर?’

‘मेरे को बताओ, रस्सी किधर है? मैं खींचता हूँ.’

‘सर, दूसरे के अकाउंट के बारे में हम बात नहीं कर सकते. आप अपने अकाउंट पे लिमिट लगाना चाहेंगे?’

‘मेरी लगी हुई है!’ असं ओरडून त्यानं फोन आपटला. मग फोन फुटला का म्हणून चष्मा लावून पाहत बसला.

तो रोज फोन करायचा. शेवटी तिकडची पोरगी त्याचा आवाज ओळखू लागली आणि ‘नमस्ते दादाजी’ म्हणू लागली. पण दोरी काही सापडली नाही. मग त्यानं दुसरा उपाय केला. बाई टेबलावर आली की हा मुद्दाम चुकीची पानं टाकायचा, म्हणजे ती जिंकेल आणि उठेल. मला हे सांगताना त्याला मोठं शहाणपण वाटत होतं.

‘उठली का?’ मी विचारलं.

‘नाही. जिंकली त जास्तच बसली.’

‘शाबास.’

मग दिल्लीचा कायदा आला. आपल्या छत्तीसगढचा जुगाराचा कायदा आधी होताच, पण त्यात डोक्याचा खेळ म्हणून रमी सुटायची. नव्या कायद्यानं तो वादच मिटवला. डोक्याचा असो की नशिबाचा, पैसा लावून फोनवर खेळ नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो नाडलेला माणूस समजायचा. खेळवणारा, जाहिरात करणारा, पैसे इकडून तिकडे पोचवणारा, त्यांना धरायचं. उद्यानात लोकांनी पेपर वाचून पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. या सट्ट्यापायी आमच्या भागातली बरीच घरं हलली होती. मीही म्हटलं, बरं झालं. एकदा ठेवलं ते हललं नाही पाहिजे, असा कायदा मला आवडतो.

एकटा भोयर बाकावर तोंड पाडून बसला.

‘कावून रे? तुही रस्सी ओढली नं दिल्लीवाल्यायनं!’

‘ओढली. चांगलं केलं. कोनीतरी ओढाले पाहिजेच होती.’

‘मंग रडतं कावून?’

‘रस्सी ओढल्यावर अर्धंच काम होते. मंग बेल्टवर चढून पाहा लागते, कोन अडकलं होतं. इथं सारे पेपर वाचून घरी चालले.’

टेबल मिटायच्या दिवशी त्या बाईनं शेवटचं लिहिलं होतं: ‘मले एक लिंक आली. तिकडं चालू हाय. तुमीबी या.’ आणि लिंक टाकली होती. भोयरनं ती उघडली नाही. पण जे ओळखायचं ते ओळखलं. हा चोरीचा अड्डा. तिथे कागद पाहत नाहीत, हद्द नाही, खातं बंद करायची सोय नाही, आणि तक्रारीला ‘नमस्ते दादाजी’ म्हणणारी पोरगी नाही. कंपनीचा बेल्ट निदान उजेडात होता. हा अंधारातला.

तो लिंक घेऊन ठाण्यात गेला. मला साक्षीला नेलं. तिथला पोलीस तरुण होता, सभ्य होता, खुर्ची दिली.

‘आपका कितना पैसा गया, बाबूजी?’

‘मेरा नहीं गया.’

‘तो किसका गया?’

‘एक बाई का.’

‘नाम?’

भोयरनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, ‘राणी.’

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्यानं लिंक उतरवून घेतली, ती बंद करायला वर पाठवतो म्हणाला. ‘पर ये एक बंद करो तो दूसरी खुलती है, बाबूजी. वो बाई खुद आए, या उसके घर से कोई आए, तो हम बात करेंगे.’

बाहेर आल्यावर भोयर म्हणाला, ‘पोरगा चांगला हाय. पन तो मीटरच्या डब्यापाशी बसला हाय. बेल्टपाशी कोन जाईन?’

‘तू जा. अहिवारा काय लंका हाय?’

‘जातो. उन्हाळा येऊ दे.’

मला वाटलं, विसरला. पावसाळा गेला, थंडी गेली, त्यानं नाव काढलं नाही. होळी झाली, ऊन तापू लागलं आणि एक दिवस सकाळी दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल.

‘स्कूटर काढ. अहिवाऱ्याले जाचं हाय.’

‘आता कावून आठवलं?’

‘आठवलं नाही, थांबलो होतो. तिचं नाव मालूम नाही, गल्ली मालूम नाही. पन ते कुरड्या टाकते. छत्तीसगढी मानसं डाळीची बडी टाकतात, तिळाची बिजौरी टाकतात. गव्हाच्या कुरड्या आपल्याच बाया टाकतात. आन् त्या वाळवाच्या त ऊन पाहिजे. आता अहिवाऱ्यात ज्या गच्चीवर कुरड्या दिसन, ते राणी.’

सबंध थंडी हा माणूस उन्हाची वाट पाहत होता. मी वत्सलाकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘जा नं. घरी बसून तरी काय करता?’ त्याच्या बाजूनं बोलायची तिची जुनीच सवय.

तर आम्ही दोन म्हातारे भर उन्हात अहिवाऱ्याच्या गल्ल्यांतून गच्च्यांकडे पाहत फिरू लागलो. मी पुढे पाहून स्कूटर चालवत होतो, हा मागे बसून वर पाहत होता. ‘थांब थांब थांब!’ असं पाठीत बुक्के मारायचा. एकदा पांढरे मोजे निघाले. एकदा बिजौरी. एका गच्चीवर केस वाळवणारी बाई होती; तिनं अशी शिवी घातली, की मला भाषा पूर्ण कळली नाही तरी अर्थ पोचला. कोपऱ्यावर एका माणसानं अडवलंच.

‘का खोजत हव, बबा?’

‘कुरडई,’ भोयर म्हणाला.

‘ओ का होथे?’

भोयरनं हवेत बोटं फिरवून कुरडई काढून दाखवली. तो माणूस आणखीच संशयानं पाहू लागला. मी स्कूटर पळवली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत मात्र दिसल्या. बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं आणि त्यावर पांढऱ्याफेक कुरड्या ओळीनं. खाली किराण्याचं लहान दुकान. आत पन्नाशीपुढची एक बाई चष्मा लावून बसली होती. हात मोकळे, काचेची एकेक बांगडी. बाजूला सून पोहे तोलत होती. पुढे खुर्चीवर मुलगा.

भोयरनं रस्ताभर भाषण तयार केलं होतं. दोनदा मला म्हणूनही दाखवलं होतं, तेही ओरडून. बेल्टजवळ आयुष्य गेलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तो दुकानासमोर गेला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं. आणि मुलाकडे पाहून तसाच थांबला.

‘क्या चाहिए?’ मुलगा म्हणाला.

‘कुरड्या हायेत का?’ इतका हळू आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

मुलाच्या आधी बाईनंच उत्तर दिलं. ‘विकाच्या नोहेत, घरच्या हायेत. कुठले तुमी?’

‘भिलाईचे. रुआबांधा.’

‘भिलाईहून कुरड्यासाठी आले?’

मुलगा हसला आणि फोनमध्ये डोकं घालून बसला. भोयर काउंटरला टेकून उभा राहिला.

‘आमचं एक पत्त्याचं टेबल होतं, बाई. सहा जन बसत होतो. सरकारनं उठवलं, चांगलं केलं. पन एक बाई उठली का नाही, मालूम नाही.’

बाईचा हात गल्ल्यावर होता, तो तिथेच राहिला.

‘तिले शोधून राहिले का?’

‘शोधून काय करू? मले काही मांगाचं नाही. एवढंच सांगाचं होतं, का ते दुसरं टेबल हाय नं, तिथं थांबवाले कोनी नाही. तिथून आपल्यालेच उठा लागते. आन् एकटीनं उठनं होत नसन, त घरच्याले सांगाव. घरचे चिडतात. चिडू द्याव. ठान्यातला पोरगाबी चांगला हाय.’

सून पोहे तोलायची थांबली होती. बाई भोयरकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या कुरड्या घेऊन आली. भोयरनं खिशात हात घातला, तशी म्हणाली, ‘राहू द्या, दादा.’

आम्ही निघालो. मी स्कूटर वळवताना पाहिलं, बाई सुनेला हात धरून आत नेत होती. पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी पाहिलं तेवढं सांगतो.

गावाबाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘तेच होती नं? मंग सरळ कावून नाही विचारलं?’

‘पोरगा बसला होता.’

‘मंग एवढं ऊन खाल्लं कायले? तुही कोन लागते ते?’

भोयर कुरड्या मोडू नयेत म्हणून पुडी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता.

‘मागच्याच्या मागच्या दिवाळीच्या आधी मले ताप आला होता,’ तो म्हणाला. ‘चांगला आठ-दहा दिवस. उठनं होत नव्हतं. तुले मालूम होतं?’

मला माहीत नव्हतं. लागून गल्ली, पण माहीत नव्हतं.

‘पोरीले मी सांगितलं नाही, ते कामातली. बरा झाल्यावर टेबल उघडलं, त त्या बाईनं रोज लिहून ठेवलं होतं. “दादा कुठं गेले? दादा दिसून नाही राहिले.” बाकीचे पत्ते टाकत होते. तिनं मात्र विचारलं.’

मी स्कूटर हळू केली, पार माणसाच्या चालीवर आणली.

‘कावून बे?’ मागून आवाज आला. ‘पेट्रोल सपलं का?’

टाकी सकाळीच भरली होती.

‘हो,’ म्हटलं. ‘थोडंसंच राह्यलं. हळूहळू जाऊ.’